सिंहस्थाच्या खर्चात जुन्या नाशिकची कायम ठेव हवी

मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
नाशिक महानगरपालिका



2027च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरात कामांची घाई आहे. लाखो भाविक येणार, तेव्हा रस्ते, पूल, घाट लागणारच. माझे मागणे मात्र नव्या बांधकामाचे नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने जुन्या नाशिकच्या देखभालीसाठी एक कायम ठेव उभारा. तिचे मुद्दल कधीही मोडू नये आणि व्याजातून दरवर्षी डागडुजी व्हावी.

याचा धडा आपल्याच पांडवलेण्यांत कोरलेला आहे. 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे दान करून तो थांबला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. त्यांतल्या 2000 कार्षापणांवर महिना शेकडा एक या दराने व्याज मिळायचे आणि त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. मुद्दल परत काढायचे नाही, हेही लेखात स्पष्ट आहे. हे दान निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि त्याची रीतसर नोंद झाली.

पुढे राज्य सातवाहनांकडे आले. तरी लेण्यांकडे दुर्लक्ष झाले नाही. 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दिलेल्या शेताची नोंद आहे. ते शेत कसले जात नाही, गावही ओस पडले आहे, असे सहा वर्षांनी लक्षात आले, तेव्हा त्याच्या बदल्यात नगराच्या सीमेवरची राजाच्या मालकीची जमीन देण्यात आली. दिलेले दान उपयोगी पडते आहे की नाही, हे पाहणारा कारभार या शहराने अनुभवला आहे.

आज गोदाकाठच्या काझीच्या गढीवर, त्या मातीच्या टेकाडावर, काय चालले आहे? 1950-51मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून सातवाहनांपर्यंत आणि त्यापुढच्या मुस्लिम-मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्या मातीत सापडले. नाशिकचे प्राचीनत्व त्या टेकाडाने सिद्ध केले. दर पावसाळ्यात ती माती खचते, काठावरच्या कुटुंबांना घर सोडण्याच्या नोटिसा निघतात, पाऊस सरला की विषय मागे पडतो. त्या कुटुंबांना रोजगारापासून लांब न नेता जवळपासच पक्की घरे द्या. संरक्षक भिंतीचा आराखडा पुरातत्त्वज्ञांना सोबत घेऊन करा, नाहीतर गढी वाचवताना तिच्यातला इतिहासच उकरून फेकला जाईल.

जुन्या वाड्यांचेही तेच. भाडे इतके तुटपुंजे की मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरूला हक्क जाण्याची धास्ती, म्हणून तो जागा सोडत नाही. या भांडणात तुळया कुजतात. धोकादायक इमारतीची नोटीस बजावून पालिकेची जबाबदारी संपत नाही. मालक आणि भाडेकरू दोघांची संमती घेऊन, दोघांचे हक्क शाबूत ठेवून, या ठेवीच्या व्याजातून दुरुस्तीला मदत करता येईल. गोदापात्रात काँक्रीटखाली गेलेली जुनी कुंडे मोकळी करून जपण्याचे कामही त्यातूनच व्हावे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या परिसराची निगाही याच यादीत हवी. समतेसाठी माणसे जिथे बसली, ती जागा देवळाच्या शिल्पाइतकीच मोलाची आहे.

सरकारी अनुदान मुदतीत खर्च करावे लागते, ते ठेवीत गुंतवता येत नाही, असे उत्तर कदाचित येईल. तसे असेल तर पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून पहिला वाटा घालावा, राज्य सरकारकडे खास तरतूद मागावी आणि नागरिकांना देणग्यांचे आवाहन करावे. नाशिककर मागे राहणार नाहीत.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. प्रत्येक वेळी मोठा पैसा येतो आणि वापरून संपतो. या वेळी पहिल्या अमृतस्नानापूर्वी महासभेत ठेवीचा ठराव मंजूर करा. मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या वाड्यावर, कुंडावर वा गढीवर किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी भर सभेत वाचा. पक्ष कोणताही असो, अधिकारी कोणीही असो, हा ठराव पुढच्या प्रत्येक सभेवर बंधनकारक राहील अशीच त्याची शब्दरचना करा.

आपला,
एक नाशिककर