एकशे अकरा मिनिटे

परवा पुण्याहून पुतण्या आला होता. मला टीव्हीसमोर बघून म्हणाला, "काका, तुम्ही अजून सीआयडी बघता?" मग 'दया, दरवाजा तोड दो'ची नक्कल झाली आणि सगळे घर खो खो हसले. हसा बापडे. पण याच मालिकेचा एक भाग हसणाऱ्यांनी आधी बघावा, मग माझ्याशी वाद घालावा.

७ नोव्हेंबर २००४, दिवाळी तोंडावर आलेली. त्या दिवशी 'द इन्हेरिटन्स' हा भाग लागला. १११ मिनिटे सलग चित्रण, मध्ये एकही कट नाही. आम्हाला धास्ती वेगळीच, सेनगावची लाईट तेवढा वेळ राहील का? राहिली!

त्याची गिनेस बुकात नोंद झाली, पण विक्रमाचे मला एवढे कौतुक नाही. विक्रम नखे वाढवूनही होतो. शंभराव्या मिनिटाला एकजण वाक्य विसरला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, हे मात्र सोपे नव्हे. शिवाजी साटम नाटकातून आलेले, त्यांना 'रिटेक नाही' म्हणजे काय ते पक्के ठाऊक.

माझा मुद्दा कात्रीचा आहे. आजकाल मालिकेत काही चोरीला गेले की घरातल्या गड्याचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवतात, वर ढोल बडवतात. झाला तो चोर! पुरावा नाही, तपास नाही. (सीआयडीनेही हा चावटपणा पुष्कळ केला, ते मी नाकारत नाही.) पण कटच नसेल तर ही युक्ती चालेल कशी? कॅमेऱ्याला माणसांमधून चालतच जावे लागते. संशय घ्यायचा तर आपण आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचा.

हे मला का लागते, तेही सांगतो. एकदा माझ्या वर्गात सहलीचे पैसे हरवले. चाळीस माना एकाच मुलाकडे वळल्या, फाटक्या सदऱ्याच्या. एक्केचाळिसावी माझी. त्याचे दप्तर मी सगळ्यांदेखत उलटे केले. पैसे संध्याकाळी माझ्याच हजेरीपटात सापडले. तो मुलगा पुढे आठ दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो, तर त्याची आईच मला म्हणाली, "चुकलं असंल गुरुजी त्याचं."

असो. पुतण्याला म्हटले, तो भाग शोधून दे आणि शेजारी बस. मोबाईल ओसरीवर ठेवून.