निकाल अंतिम; चूक अंतिम नव्हे!

वाचकहो, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आता बोलू नका, असे आपणांस वारंवार बजाविले जाते. हा उपदेश अर्धवट आहे. संविधानाच्या कलम १३७ ने त्याच न्यायालयास स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार दिला आहे.

हा अधिकार मात्र अरुंद आहे. पुनर्विलोकन म्हणजे दुसरे अपील नव्हे. अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. बहुधा तो दालनातच, तोंडी युक्तिवादावाचून, निकालात निघतो. निकालपत्रावर उघड दिसणारी चूक दाखवावी लागते. ही मर्यादा योग्यच होय. अन्यथा धनवान पक्षकार एकही तंटा मिटू देणार नाही आणि जिंकलेल्या गरिबाच्या हाती केवळ कागद उरेल.

परंतु अरुंद दार म्हणजे बंद दार नव्हे. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन खटल्यात दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याखालील अटकेस वरिष्ठांच्या मंजुरीची अट घातली आणि गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८अ घालून या अटी दूर केल्या. पुढे केंद्र सरकारच्या पुनर्विलोकन अर्जावर १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी ते निर्देश मागे घेतले.

अर्ज सरकारचा होता, म्हणून दार उघडले काय? एकट्या पीडिताने ते किती वेळा ठोठवावे? यास्तव पुनर्विलोकनावर विसंबू नका. आपल्या हक्कांचा प्रश्न न्यायालयापुढे येताच, निकालापूर्वीच, हस्तक्षेप अर्ज घेऊन हजर राहा!