मिस्टर एक्सचा टॅक्स, माझा रिफंड

मिस्टर एक्स आठवतो का? अहो, तोच! बेसिक आणि डीए मिळून महिना पन्नास हजार, एचआरए पंधरा हजार, राहतो मुंबईत, भाडं अठरा हजार. दोन मुलं, त्यातलं एक हॉस्टेलला. कंपनीची गाडी, कंपनीचाच माळी. एक फ्लॅट भाड्याने दिलेला, त्याचा म्युनिसिपल टॅक्स अर्धा मालकाने भरलेला, अर्धा भाडेकरूने. थोड्या एफडी. आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, पठ्ठ्या घोड्याच्या शर्यतीतही जिंकतो. दरवर्षी! एवढा सगळा पसारा, पण स्वतःचा टॅक्स काही त्याला काढता येत नाही. तो काढायचा टीवाय बीकॉमच्या पोरांनी, दुपारी अडीचच्या लेक्चरला, डबा खाऊन झाल्यावर.

बीकॉमवाल्यांना वेगळं सांगायला नकोच. इंजिनीअर मंडळींनो, तुमचं ते इंजिनीअरिंग ड्रॉइंग असतं ना, तसा आमचा टॅक्स. सुटला तर सुटला, नाहीतर एका विषयापायी वर्ष लटकलं.

मी २०१८-१९च्या बॅचची. मास कॉम नंतर केलं, आधी पुण्यात रीतसर बीकॉम. तेव्हा आमच्याकडे ऑडिटिंग आणि टॅक्सेशन मिळून एकच पेपर होता. पहिल्या टर्मला ऑडिटिंग म्हणजे नुसती थिअरी, पानंच्या पानं लिहा. दुसऱ्या टर्मला टॅक्स म्हणजे सम. आमचे सर (देवमाणूस, पण आवाज असा की पहिल्या बाकावरचाही पेंगायचा) पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा विषय पाठ करायचा नाही, समजून घ्यायचा." आणि वही काढायला लावून दोन तास व्याख्या डिक्टेट केल्या.

त्यात सगळ्यात मोठा वैताग म्हणजे ते वर्षांचं प्रकरण. प्रीव्हियस इयर आणि असेसमेंट इयर. ज्या वर्षी कमावलं ते 'प्रीव्हियस', म्हणजे आज मी कमावतेय ते चालू वर्षसुद्धा प्रीव्हियसच! आणि हिशेब ज्या वर्षी होणार ते असेसमेंट. मराठी माध्यमवाल्यांच्या पुस्तकात 'गतवर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष'. आमच्या ग्रुपमधला सांगलीकर मराठीतून पेपर लिहायचा. तो म्हणायचा, "गतवर्ष अजून गेलेलंच नाय, तर त्याला गत का म्हणायचं?" मुद्दा बरोबर होता. सरांकडे उत्तर नव्हतं.

मी शहाणपणा करून अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत सेकंडहँड पुस्तक आणलं होतं. इतिहासाचं जुनं पुस्तक चालतं हो, टॅक्सचं नाही चालत. २०१८च्या बजेटने पगारदारांचा महिना सोळाशेचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स आणि वर्षाचे पंधरा हजार मेडिकल काढून टाकले आणि त्याजागी चाळीस हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आणलं. माझ्या पुस्तकातले मिस्टर एक्स अजून सोळाशे रुपयेच लावून बसलेले. परीक्षेला जुनं वर्ष धरायचं की नवं, यावर वर्गात आठवडाभर पार्लमेंट भरली. तोवर १ फेब्रुवारी २०१९ ला पीयूष गोयल उभे राहिले आणि त्यांनी चाळीसचे पन्नास केले! परीक्षा दोन महिन्यांवर. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, हेपण आहे का पोर्शनला?"

नव्हतं. पण तेवढ्याने हार्ट अटॅक यायचा बाकी राहिला होता.

तरी खोटं कशाला बोलू, सम सुटलं की मजा यायची. एचआरएचं घ्या. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात छोटा उचलायचा. वर सांगितलेल्या मिस्टर एक्सला वर्षाला मिळाला एक लाख ऐंशी हजार. भाडं दोन लाख सोळा हजार, त्यातून पगाराचे दहा टक्के म्हणजे साठ हजार वजा, राहिले एक लाख छप्पन्न. मुंबई म्हणून पगाराचा निम्मा भाग, तीन लाख. सगळ्यात छोटा एक लाख छप्पन्न, तेवढा माफ, वरच्या चोवीस हजारांवर टॅक्स. मला झोपेतून उठवून विचारा, येतं. आणि पुस्तकातला मुलांचा शिक्षण भत्ता? महिना शंभर रुपये माफ, दोन मुलांपर्यंत. हॉस्टेलला महिना तीनशे. आमच्या मेसचं बिल त्याच्या आठपट होतं. हसत हसत सोडवायचो.

सांगलीकर एकदाच हसला नाही. 'करमुक्त उत्पन्न' या धड्यात पहिलंच नाव शेतीचं. सर म्हणाले, "शेतीचं उत्पन्न करमुक्त," आणि अख्खा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायला लागला. मजा आहे बुवा तुझी, वगैरे. त्याच्या वडिलांचा तीन एकर ऊस. तो एवढंच म्हणाला, "करमुक्त व्हायला आधी उत्पन्न लागतं." पुढचं लेक्चर जरा शांततेत झालं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यातला आमचा कट्टा. एफसी रोडला, त्याच जुन्या चौघांचा. चौघांचं काय झालं ते आधी सांगते. एक सीए झाला. सांगलीकर चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पगार काढतो. तिसरी एमकॉम, सेट करून एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. विषय ओळखा... टॅक्स! आणि चौथी मी, मिळेल तिथे लिहिणारी.

सीए म्हणाला, कॉलेजचा टॅक्स आर्टिकलशिपच्या पहिल्या दिवशीच निरुपयोगी ठरला. "सममध्ये सगळी माहिती दिलेली असते यार. क्लायंट पिशवी आणून देतो." खरोखरची पिशवी. साड्यांच्या दुकानाची. आत बँकेची पासबुकं, सोसायटीच्या पावत्या, लाइट बिलं, एका लग्नाची पत्रिका. त्यातून उत्पन्न शोधायचं. मिस्टर एक्स निदान खरं तरी बोलायचा!

सांगलीकराचं उलटं. तो म्हणतो, मला तर सगळंच कामाला आलं. जानेवारी आला की वीस-वीस लाखांच्या पॅकेजवाले इंजिनीअर त्याच्या टेबलापुढे रांग लावतात. "सर, जुनी रेजीम घेऊ की नवी?" 'सर' म्हणतात बरं का, आमच्या सांगलीकराला! मग कुणी सासूबाईंच्या नावाच्या भाडेपावत्या आणतो. बाराच्या बारा एकाच पेनाने, एकाच बैठकीत सह्या केलेल्या. हा शांतपणे विचारतो, "वर्षाचं भाडं लाखाच्या वर दिसतंय. सासूबाईंचा पॅन?" समोरचा पावत्या उचलून जातो. २०२३-२४ पासून नवी रेजीम आपोआप लागायला लागली आणि २०२५च्या बजेटने तिच्यात पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य टॅक्स केला, तेव्हापासून ही रांग निम्म्यावर आलीय, असं तो जरा खंतावूनच म्हणाला. आम्ही रात्र रात्र घोकलेलं ते ८०सी, ती एलआयसी, ते पीपीएफ, दीड लाखाची मर्यादा, सगळं नव्या रेजीममध्ये गुल.

मॅडमचं (तिला आता आम्ही मॅडमच म्हणतो) दुःख आणखी मोठं. चार वर्षं तिने पोरांना ते प्रीव्हियस-असेसमेंट समजावलं. आता कुठे स्वतःलाही पटायला लागलं होतं, तर ऑगस्ट २०२५ मध्ये नवा आयकर कायदाच आला. १९६१चा गेला, १ एप्रिल २०२६ पासून नवा. पाचशे छत्तीस कलमं, नंबर सगळे बदललेले, आणि प्रीव्हियस-असेसमेंटची जोडी बाद! त्याऐवजी एकच 'टॅक्स इयर'. सांगलीकराने टेबलावर हात आपटला. "मी टीवायलाच बोललो होतो!"

पण मॅडमने मग जे सांगितलं, त्याने माझी कॉफी गार झाली.

मागच्या वर्षी तिने सिलॅबसबाहेरचा एक उद्योग केला. एका तासाला पोरांना म्हणाली, मिस्टर एक्सला राहू दे बाजूला, ज्यांच्याकडे पॅन आहे त्यांनी मोबाइलवर आयकरच्या साइटला लॉगिन करा. स्वतःच्या. बरीच पोरं म्हणाली, आमचं कसलं आलंय उत्पन्न! तरी फॉर्म २६एएस उघडायला लावला, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती टॅक्स कापून सरकारजमा केला त्याचा उतारा. बहुतेकांचा कोरा. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र बघतच राहिला. तो संध्याकाळी बाइकवर फूड डिलिव्हरी करतो, म्हणून सकाळच्या लेक्चरला नेहमी पेंगतो. त्याच्या उताऱ्यावर कंपनीचं नाव आणि पुढे तेराशे आणि वर काही रुपये. एक टक्का टीडीएस. तास संपल्यावर तो तिच्यापाशी आला. "मॅडम, हे माझेच पैसे का?"

होय बाबा, तुझेच. वर्षाचं उत्पन्न करपात्र नाही, म्हणजे टॅक्स शून्य, म्हणजे कापलेला प्रत्येक रुपया परत. फक्त रिटर्न भरून मागावा लागतो. तिने भरून दिला. दीड महिन्यात खात्यात आले. त्याने अख्ख्या वर्गाला वडापाव खिलवला.

आम्ही हसलो. मी जरा कमी.

घरी आले, लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं. मी २०२१ मध्ये मास कॉम संपवून फ्रीलान्सिंग सुरू केलं. पहिल्या वर्षी दोन क्लायंट, दोघेही बिलातून दहा टक्के कापून पैसे द्यायचे. मी समजायचे, हा टॅक्स. कापला, विषय संपला. उलट जरा ऐटच वाटायची, आपण टॅक्स भरतो! रिटर्न वगैरे भरायला आपलं उत्पन्न ते किती. २०२३ मध्ये क्रेडिट कार्डवाल्यांनी आयटीआर मागितला तेव्हा आमच्या सीएला गाठलं आणि तिथपासून दरवर्षी भरते. त्याने तेव्हा विचारलंही होतं, "मागच्या वर्षीचं काय?" मी म्हटलं, "तेव्हा कुठे काय कमवत होते रे!"

२०२१-२२चा उतारा उघडला. दोन ओळी. मिळालेलं काम एक लाख ऐंशी हजारांचं, कापलेले अठरा हजार.

अठरा हजार! त्या वर्षी मी तीन मैत्रिणींत एक खोली घेऊन राहत होते. दोनदा भाड्यासाठी आईकडून पैसे मागवले होते आणि बाबांना सांगू नकोस म्हणून तिला बजावलं होतं. आणि पलीकडे माझेच अठरा हजार माझ्याच पॅनवर बसून होते. टॅक्समध्ये मला एकावन्न मार्क होते हो. मिस्टर एक्सला एचआरएमध्ये एक रुपया कमी मिळू दिला नव्हता मी.

रात्री साडेअकराला सीएला फोन केला. आधी तो हसला (मित्र आहे, हसणारच). मग म्हणाला, उशिराचा रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. नंतर तो अपडेटेड रिटर्न असतो ना, तो सरकारला जास्त पैसे द्यायला चालतो, रिफंड मागायला नाही. मी म्हटलं, म्हणजे गेले? तर म्हणे, थांब. जुन्या कायद्याचं कलम ११९(२)(ब). झालेला उशीर माफ करा, असा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. "तुझं असेसमेंट इयर कुठलं?"

आणि काय सांगू, मी क्षणभर अडखळले. कमावलं २१-२२ला, म्हणजे... २२-२३! ते संपलं मार्च २०२३ला, अधिक पाच, मार्च २०२८. वेळ आहे! बाद झालेली ती जोडी शेवटी एकदा उपयोगी पडली.

अर्ज त्याच पोर्टलवर, घरबसल्या. व्याज मिळणार नाही, हे त्याने आधीच सांगून ठेवलंय. मंजूर होईलच असंही नाही, कारण खरीखुरी अडचण होती हे साहेबांना पटावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट जोडलंय, दोन्ही क्लायंटची बिलं जोडलीत, आईने पाठवलेल्या पैशांच्या दोन नोंदींना पिवळा हायलाइटर मारलाय.

आता फक्त एक रकाना उरलाय, 'विलंबाचे कारण'. सीए म्हणतो, तीन-चार ओळींत लिही, साधं आणि खरं लिही. सांगलीकर म्हणतो, मराठीत लिही. मी तीनदा लिहून खोडलंय. बाकी सगळं जमतंय, फक्त शिक्षणाच्या पुढे 'बी.कॉम.' लिहायचं की नाही, तेवढंच ठरत नाहीये.