आमगावच्या सपाटीची थट्टा

कोकणातून वा साताऱ्याकडून बदली होऊन आलेला शिक्षक आमगावच्या फलाटावर उतरला, की पहिल्या आठवड्यातच त्याच्या तोंडून ती थट्टा बाहेर पडते. ‘तुमच्या गावात चढ चढावयाचा, तर रेल्वेच्या पुलाखेरीज दुसरे स्थळ नाही!’ चहाच्या टपरीवर हशा पिकतो. मग एखादा स्थानिक गृहस्थ शांतपणे म्हणतो, ‘गुरुजी, तुमचे पाणी डोंगरावरून पळून जाते. आमचे मात्र पाहुण्यासारखे मुक्कामाला थांबते.’ हशा पुन्हा पिकतो आणि गुरुजींच्या चहाचे पैसे तोच गृहस्थ देतो.

या थट्टेत विखार नाही. महाराष्ट्र म्हटला की मनासमोर सह्याद्री, घाट आणि किल्ले उभे राहतात. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची सपाटी त्या चित्रात सहसा बसत नाही. १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलेला आणि १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्ह्यात गेलेला हा मुलूख राज्याच्या अगदी पूर्व टोकाला पडतो. तेथून गाडीने आणखी पुढे, सालेकसा-दरेकसाकडे गेले की डोंगर सुरू होतात, ही गोष्ट थट्टा करणारा सोयीस्करपणे विसरतो. शिवाय प्रत्युत्तरासाठी आमगावकरांपाशी एक हुकमी पानही आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे मत मांडले. ते ग्राह्य धरले, तर उत्तररामचरितात जनस्थान आणि प्रस्रवण पर्वत रंगविणारा महाकवी याच सपाटीवर जन्मला. डोंगरांचे वर्णन करावयासही सपाटीवरचाच माणूस लागला, असे म्हणावयास मोकळीक मिळते.

तथापि मूळ प्रश्न वेगळा आहे. ही भूमी खरोखर सपाट आहे काय? डोळ्यांना ती तशी दिसते, पाण्याला दिसत नाही. धानाच्या बांधीत पाण्याचा पातळ थर सर्वत्र सारखा राहावा लागतो. एक कोपरा वीतभर उंच राहिला, तर तेथे तण माजते. खोलगट राहिला, तर रोवलेले रोप बुडते. म्हणूनच चिखलणी करताना शेतकरी जमिनीची पातळी जपतो, धुरे बांधतो आणि एका बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरवितो. परक्यास जी निसर्गदत्त सपाटी वाटते, ती बऱ्याच अंशी पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमांनी घडविलेली पायऱ्यांची रचना आहे. तिची पायरी इतकी ठेंगणी, की नवख्याच्या लक्षातही येऊ नये.

याच सूक्ष्म उताराच्या ज्ञानावर या भागातील तलाव उभे राहिले. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी पाण्याची वाट ओळखून मातीच्या पाळी घातल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारच्या मालकीचे झाले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’, हे नाव त्यांना चिकटले. मालकी बदलली, पण गाळ काढण्याची व पाळ राखण्याची गावाची जुनी शिस्त तितक्या सहजपणे नव्या व्यवस्थेत आली नाही.

थट्टा येथे गंभीर होते. मित्राने ‘सपाट’ म्हटले तर हसून सोडता येते. परंतु तोच शब्द नकाशावर आणि फायलीवर उतरला, की जमीन म्हणजे कोरा कागद ठरतो. मग बोडी बुजवून भूखंड पाडण्यात कोणास वावगे वाटत नाही. रस्त्याचा भराव घालताना पुरेशा मोऱ्या ठेवण्याचे भान राहत नाही. डोंगराळ मुलखात अशी चूक धबधब्यासारखी गर्जना करून प्रकट होते. सपाट मुलखात ती निमूटपणे साचते: भरावाच्या वर धान कुजते, भरावाच्या खाली बांधी कोरडी राहते, आणि दोष मात्र पावसाच्या माथी मारला जातो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. भूगोलाच्या तासाला शिक्षकांनी मुलांना गावच्या तलावावर न्यावे. पाणी येते कोठून आणि सांडव्यावरून जाते कोठे, हे त्यांच्याकडून पाहून काढवून घ्यावे. अकृषक परवानगीचा कागद पुढे सरकविण्यापूर्वी, त्या भूखंडातून पावसाळ्यात पाणी वाहते काय, एवढा एक प्रश्न कचेरीत विचारला जावा. जुन्या शेतकऱ्यास त्याचे उत्तर मोजणीवाचून ठाऊक असते. फक्त त्याला विचारावे लागते.

बदलीवर आलेल्या गुरुजींनी थट्टा जरूर चालू ठेवावी. तिच्यावाचून टपरीवरचा चहा गोड लागणार नाही. मात्र एकदा तरी भर पावसात रोवणीच्या दिवशी त्यांनी धुऱ्यावरून चालून पाहावे. आमगावात चढउतार आहेत की नाहीत, हे तेव्हा पायांखालचे पाणीच त्यांना सांगेल.