फी भरा, पण तास मोजून घ्या



"पोरगं ट्रॅक्टर चालवतंय, मग ड्रायव्हिंग स्कूलला पैसे कशाला घालायचे?" घरोघरी विचारला जाणारा हा प्रश्न रास्त आहे. खाजगी हलक्या वाहनाच्या परवान्याला स्कूलचा दाखला सक्तीचा नाही. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी देता येते.

मग फी कशाची? रस्त्याची. वावरात समोरून एस.टी. येत नाही, रात्री डोळ्यांवर ट्रकचा उजेड येत नाही. स्टिअरिंग वावरात शिकता येते, रस्ता नाही. मुलींच्या हाती तर आपण घरचा ट्रॅक्टरही देत नाही. त्यांची फी आधी भरा.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे स्कूलने किमान २१ दिवस शिकवावे आणि प्रत्यक्ष १० तास गाडी हातात द्यावी. काट्यावर मापात मारणाऱ्याला आपण जाब विचारतो, तसा या १० तासांचाही हिशेब मागा. चौघांना गाडीत कोंबून पाव तास स्टिअरिंग देणारा, "चाचणीचं मी बघतो" म्हणणारा शिक्षण विकत नाही, कागद विकतो. त्याला पैसाही देऊ नका.

फी वाचवण्याचा खर्चही मांडा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातला बिनपरवाना चालवण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. बिनपरवान्याच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. ते पैसे वावर विकूनच उभे राहतात.