पहिलं पान कुणाचं?

गेल्या आषाढात वेल्ह्याकडच्या एका वाडीत देवळाच्या पायरीवर बसलो होतो. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हंच येतं.) विषय आवणीचा. बारा घरांनी इर्जिक करायची ठरवली होती, सगळ्यांनी मिळून एकेकाच्या खाचरात रोपं लावायची. मजुरीचा प्रश्नच नव्हता, भांडण पेटलं ते क्रमावरून. रोप वीस-पंचवीस दिवसांचं असताना लागलं तर फुटवे चांगले येतात, जून झालं की फुटवा कमी पडतो. यादीत शेवटी कोण, हा नुसता मानाचा सवाल नसतो.

क्रम लागता लागता एक गडी तावातावानं उठून गेला. ‘त्याला पहिला नंबर पाहिजे, दुसरं काय!’ मागे राहिलेल्यांनी निदान केलं. दोघातिघांना त्याची कीवही आली. उठून त्याच्या घरी मात्र कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

मानापानाचं भांडण या खोऱ्यांना नवं नाही. कारीचे जेधे रोहिड खोऱ्याचे देशमुख, शेजारच्या हिरडस मावळात बांदल, आणि दोन्ही घराण्यांत जुनं वैर. 1659 मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून मुलांसह शिवाजी महाराजांच्या बाजूला उभे राहिले. तलवारीचं पहिलं पान, म्हणजे दरबारातला पहिला मान, जेध्यांचं होतं. मग 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत बांदलांची माणसं पडली, त्यांचे देशपांडे बाजीप्रभू पडले. महाराजांनी पहिलं पान बांदलांना द्यायचं मनात आणलं. पण आधी कान्होजींना विचारलं, त्यांनी मान्य केलं आणि मगच मान बांदलांकडे गेला, असं मावळात आजही सांगतात.

दर जुलैत आपण बाजीप्रभूंवर भाषणं करतो, करायलाच हवीत. पण पान देण्याच्या वेळची अवघड जागा कान्होजींची होती. बांदलांच्या दुःखात सगळे होते. ज्याच्या हातून काहीतरी काढून घ्यायचं आहे त्याच्याकडे जाऊन बसायला वेगळं काळीज लागतं. आपल्या ट्रस्टच्या, मंडळाच्या, शाळेच्या बैठकांत नेमकं हेच राहतं. निर्णय होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि बाजूला सारलेल्या माणसाला बातमी तिसऱ्याकडून कळते.

कळवळा आणि दुसऱ्याच्या डोक्यात शिरणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. मानसशास्त्रज्ञ अॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग छापला. पेट्रोल पंपाच्या विक्रीचा लुटुपुटुचा सौदा, आणि किमतीवर जुळणं अशक्य. विकणाऱ्याला पुढे नोकरी देऊ केली तरच वाट निघणार. समोरचा काय विचार करत असेल हे डोक्यात ठेवून बसलेल्यांना ती वाट जास्त सापडली, त्याच्या भावनांशी समरस व्हायला सांगितलेल्यांना तितकी नाही. पण डोक्यात शिरण्याचीही गंमत आहे. 2018 मध्ये एयाल, स्टेफेल आणि एपली यांनी 25 प्रयोगांचा निष्कर्ष मांडला. नुसतं ‘मी त्याच्या जागी असतो तर’ अशी कल्पना केल्यानं माणसाबद्दलचा अंदाज काही अचूक होत नाही, त्याला सरळ विचारल्यानं होतो. हे सांगायला एवढे प्रयोग लागले याचं एखाद्या मावळी म्हातारीला हसू येईल. तरी आपण विचारत नाहीच. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं, आणि यादी बदलावी लागते.

वाडीतली यादी दुसऱ्या दिवशी बदलली. सकाळी एक काकी दूध घालायला त्या गड्याच्या घरी गेल्या आणि ओट्यावरच त्यांनी विचारलं, ‘काल का रं उठलास?’ मग कळलं, त्याचा पोरगा शिरवळच्या कंपनीत, सुट्टी फक्त गुरुवारी. पॉवर टिलरनं चिखलणी करायला घरात दुसरं कुणी नाही. त्याला गुरुवार हवा होता. रोप उशिरा टाकलेलं, त्यामुळे शेवटचा गुरुवारही चालला असता. भर बैठकीत ‘माझ्याच्यानं आता होत नाही’ हे त्याला बोलवेना.

शेवटच्या गुरुवारी मीही चिखलात उतरलो. माझ्या ओळी वाकड्या गेल्या म्हणून मागून कुणीतरी रोपं उपटून पुन्हा लावली. मला न विचारता.