चारशे अश्वशक्ती आणि पेन्सिलीएवढी नळी

डिझेल इंजिनाची अश्वशक्ती वाढवायची म्हटले की माणसाचे लक्ष प्रथम टर्बोकडे जाते, मग पंपाकडे, आणि टाकीतून पंपाकडे येणाऱ्या साध्या नळीकडे सर्वांत शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आणि नळीकडे लक्ष गेलेच, तर ‘बसवा मोठी’ एवढ्यावर भागवू नये. आधी हिशेब करावा. शाळेतले पदार्थविज्ञान त्याला पुरेसे आहे.

हे विशेषतः रोटरी पंपाला लागू आहे. जुन्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या असतो. रोटरी पंपात दाब निर्माण करणारा भाग एकच असतो आणि फिरणारा रोटर, टपाल वाटणाऱ्या पोस्टमनप्रमाणे, एकेका सिलिंडरला त्याचा वाटा पोचवतो. रचना मोठी सुटसुटीत. पण या पंपाला वेगळे वंगण नसते. आतून जाणारे डिझेलच त्याचे वंगण आणि तेच त्याला थंड ठेवणारे. म्हणून जळते त्याहून बरेच अधिक डिझेल पंपात येते आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीत जाते. डिझेल कमी पडले तर इंजिनाची ओढ कमी होते, हे चालकाला कळते. त्याच वेळी पंप आतून झिजत असतो, हे मात्र कळत नाही.

अमेरिकेत १९९८ ते २००२ या काळात डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे कमिन्स इंजिन आणि बॉशचा व्हीपी-४४ हा रोटरी पंप असे. शक्ती २१५ ते २४५ अश्वशक्ती. हौशी मालकांनी ती वाढवत चारशेपर्यंत नेली, आणि महागडे पंप निकामी होऊ लागल्याच्या तक्रारी फार झाल्या. मूळ अवस्थेतील गाड्याही त्यातून सुटल्या नाहीत, कारण मुख्य पंपाला डिझेल पुरवणारा छोटा विजेचा पंप इंजिनावर, म्हणजे टाकीपासून दूर बसवलेला होता. अनेकांनी तो टाकीजवळ हलवला, आणि ते योग्यच केले. ओढणाऱ्या पंपाच्या मदतीला फक्त वातावरणाचा दाब असतो. ढकलणाऱ्याला ती मर्यादा नाही. शिवाय ओढताना दाब उतरला की डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते.

आता नळीचा हिशेब. चारशे अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३०० किलोवॅट. एका किलोवॅट-तासाला साधारण २२० ग्रॅम डिझेल धरले तर तासाला ६६ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ७८ लिटर, म्हणजेच सेकंदाला २२ मिलिलिटर जळते. तेवढेच परत जाते असे धरू. नळीतून ४४ मिलिलिटर वाहिले पाहिजे. नळी ४ मीटर लांब आणि आतून ८ मिलिमीटर, पेन्सिलीएवढी, धरा. फ्रेंच वैद्य प्वाझेय आणि जर्मन अभियंता हागेन यांनी एकोणिसाव्या शतकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम शोधला. (वैद्याला ओढ होती ती रक्ताभिसरणाची!) तो नियम लावला तर एवढ्या नळीत खर्च होणारा दाब वातावरणाच्या दाबाचा जेमतेम विसावा भाग भरतो. नळी ६ मिलिमीटरची केली तर तोच खर्च तिपटीहून अधिक होतो, कारण प्रवाह तेवढाच ठेवला तर तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

म्हणजे पेन्सिलीएवढी सरळ नळी फारशी दोषी नाही. मग दोषी कोण? नळीच्या टोकांना बसवलेले पोकळ बोल्ट, ज्यांना मेकॅनिक बँजो बोल्ट म्हणतात. समजा, त्यातले छिद्र ४ मिलिमीटरचे आहे. तेथे वेग चौपट होतो, सेकंदाला साडेतीन मीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सोळापट. आणि काटकोनात वळताना ती बहुतेक वाया जाते. असा एकच बोल्ट चार मीटर नळीइतका किंवा त्याहून अधिक दाब खातो! अर्ध्या इंचाची ऐटदार नळी आणून तिच्या टोकाला जुनाच बोल्ट बसवणाऱ्याने पैसे चुकीच्या जागी घातले, असे मी म्हणेन. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरचेही तसेच.

आपल्याकडे रोटरी पंप अनेक ट्रॅक्टरांवर असतो. नांगरटीच्या भरात इंजिन दम टाकू लागले की ‘एअर धरली’ म्हणतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर पंप खोलायला शहरात जातो. त्याआधी टाकीपासूनचे सांधे कोणी तपासावेत की नाही? ओढीच्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे कोरडा सांधा निर्दोष वाटतो. पंपाच्या तोंडाशी दाबमापक लावून वाचन घ्यावे, आणि तेही इंजिन पूर्ण भाराखाली असताना. उभ्या इंजिनावरच्या वाचनाला फारसा अर्थ नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एकाच मापाच्या दोन रबरी नळ्या घ्या. एकीच्या टोकात बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा पेराएवढा तुकडा मेण लावून घट्ट बसवा. दोन्ही नळ्यांनी सारख्याच उंचीवरच्या बादलीतून एकेक लिटर पाणी काढा आणि मुलांना घड्याळ धरायला सांगा. मग तो तुकडा काढून नळीच्या मध्यभागी बसवा आणि वेळ किती बदलतो, याचा अंदाज पाणी सोडण्यापूर्वी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या.